त्र्यंबकभाऊंचं हाँकीटाँक

त्र्यंबकभाऊ नारखेडे स्टेजवर चढून आले तेव्हा माझ्या मांडीवर गिटार आडवी होती, त्यामुळे मला उठून त्यांच्या पाया पडता आलं नाही. डाव्या हातात स्टीलची कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, आणि समोर हॉलमध्ये पंधरा-वीस जोडपी एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर बाटल्या होत्या, त्याही झाकलेल्या नव्हत्या. होणाऱ्या सासऱ्यानं आपल्याला कुठं बघू नये, तर नेमकं इथं. मी बसल्या जागी मान खाली घातली. भाऊंनी भिंतीकडची लोखंडी खुर्ची फरफटत आणून माझ्याशेजारी मांडली, धोतर आवरलं आणि टेकले.

"चालू द्या, पाव्हणे," भाऊ म्हणाले. "मी नुसता बघायला आलो."

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. मी, दिगंबर फिरके, वय सव्वीस, भुसावळला लोको शेडच्या टाइम ऑफिसात क्लार्क. नोकरी रेल्वेची, जात लेवा पाटलाची, व्यसन एकच, आणि ते सुपारीचंसुद्धा नव्हतं. मी हवाई गिटार वाजवायचो. म्हणजे ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून स्टीलची कांडी फिरवायची, की सूर एकाला सोडून दुसऱ्याकडे असा ओघळत जातो. गणपतीत सिनेमाची गाणी वाजवायचो. बाया म्हणायच्या, पोरगं गुणी आहे, पण हे काय मांडीवर घेऊन बसतं कोण जाणे.

अशाच एका गणपतीत पिनॉकसाहेबांनी मला गाठलं. सिरिल पिनॉक हे मेल गाडीचे रिटायर्ड ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन, सत्तरीच्या घरातले. सगळा जन्म भुसावळात गेल्यामुळे मराठी फर्डं, पण त्यांच्या पद्धतीचं. दिगंबर त्यांच्या जिभेवर काही बसेना, म्हणून त्यांनी माझं डिग्बी केलं.

"डिग्बी," ते म्हणाले, "तुझा गिटार फार सभ्य माणूस आहे. चांगल्या घरातला. त्याला जरा बिघडवला पाहिजे."

त्यांच्या घरी रेकॉर्डचा ढीग होता. मेहुणा टेक्सासला, तो पाठवायचा. पहिली रेकॉर्ड ऐकली तेव्हा मला वाटलं, उन्हात ठेवून वाकलीय. गिटार अशी विव्हळत होती की ऐकवेना. मागं कुठला तरी पियानो बेसूर ठोकत होता, आणि गाणारा माणूस नाकातून रडत होता. साहेब म्हणाले, ह्याला हाँकीटाँक म्हणतात. अमेरिकेत ट्रकवाले, मजूर, तेलाच्या विहिरीवरची माणसं आठवड्याचा पगार झाला की ज्या गुत्त्यात जमतात त्याचं नाव हाँकीटाँक, आणि तिथं जे वाजतं त्याचंही नाव तेच. मी विचारलं, गातो काय? साहेब म्हणाले, बायको गेली. दुसऱ्या रेकॉर्डमध्ये? तिथंही गेली. तिसऱ्यात ती जायच्या तयारीत होती.

पण गंमत अशी की ऐकताना माझा पाय हलत होता. शब्द सुतकाचे आणि ताल वरातीचा. माणूस धाय मोकलून रडतोय आणि त्याच्याच रडण्यावर लोक नाचतायत, असलं संगीत मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यात एक रीत होती. गाणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मग गिटार त्याला उत्तर देते, शेजारीण अंगणात येऊन च्‌च् करते तसं. मग तो पुढची ओळ म्हणतो. मला ते उत्तर द्यायचं काम इतकं आवडलं की मी गणपतीची गाणी सोडून दर शनिवारी संध्याकाळी साहेबांच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये बसायला लागलो. साहेब गायचे, त्यांच्या मिसेस डोरीनबाई हॉलमधला जुना पियानो वाजवायच्या. त्याच्या चार पट्ट्या उंदरांनी निकामी केल्या होत्या. साहेब म्हणायचे, सुरात लावू नका हां, सगळी मजा जाईल.

त्यातच माझं लग्न जमायला लागलं. भालोदच्या त्र्यंबकभाऊ नारखेड्यांची कुमुद. केळीचे बागाईतदार, मोठं घर. पोहे झाले, आम्हाला दहा मिनिटं एकटं बोलायला सोडलं, आणि मी मूर्खासारखा दहाही मिनिटं हाँकीटाँकवर बोललो. कुमुद हसली नाही की जांभई दिली नाही. लक्ष देऊन ऐकत होती. एवढ्यावरच मी कामातून गेलो. मुलीकडून होकार आला, पण त्याला शेपूट होतं. भाऊंनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला: मुलगा चांगला, मात्र ते गोऱ्या लोकांच्या नाचात वाजवणं आमच्यात चालायचं नाही. गिटार विकून टाका, मग तारीख काढू.

इकडे माझ्या आईचं वेगळंच. पोह्यांच्या वेळी मुलीची आई घरात नव्हती. सावद्याला माहेरी गेलीय, गुडघ्याला वैद्याचं औषध चालू आहे, असं सांगितलं. पुढच्या बैठकीलाही नव्हती. आई म्हणाली, "तीन महिने कसलं गुडघ्याचं औषध? विहीण डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी सुपारी फोडू देणार नाही. घरात काहीतरी पाणी मुरतंय."

म्हणजे इकडून आई अडून बसलेली आणि तिकडून भाऊ. मला कुमुद हवी होती. आणि खरं सांगतो, गिटारही हवी होती. गिऱ्हाईक बघतोय असा खोटा निरोप पाठवून मी दिवस काढत होतो, आणि अशाच एका शनिवारी भाऊ स्वतःच शेजारी येऊन बसले.

पिनॉकसाहेबांनी माझा उडालेला चेहरा बघितला आणि गाणं सुरू केलं. त्यांना वाटलं असेल, पोराला धीर येईल.

त्यांनी पहिली ओळ म्हटली. गाणारा गातो तेव्हा गिटार गप्प असते, हे भाऊंच्या लगेच ध्यानात आलं. ते माझ्या कानाशी वाकले.

"काय म्हणून राह्यला हा?"

खोटं सांगावं असं मनात आलं होतं. देवाचं गाणं आहे म्हणून मोकळं व्हावं. पण टेबलावर बाटल्या दिसत होत्या, आणि असला देव भाऊंना पटला नसता.

"म्हणतो, मी गुत्त्यात बसलोय," मी म्हणालो, आणि माझी पाळी आली म्हणून कांडी फिरवली.

भाऊ ती विव्हळ संपेपर्यंत थांबले. साहेबांनी दुसरी ओळ घेतली.

"आता?"

"म्हणतो, घरी जाऊन काय करू. घरी कोणी नाही. बायको निघून गेली."

मी वाजवलं. आता सगळं संपलं असं मनात म्हणत वाजवलं. भाऊ समोर नाचणाऱ्यांकडे बघत होते. तिसरी ओळ आली.

"कुठं गेली?" भाऊंनी विचारलं.

"गाण्यात सांगितलेलं नाही."

"माहेरी गेली असंल."

"असेल."

"कशावरून गेली?"

मी साहेबांच्या तोंडाकडे बघून पुढचं ऐकलं. "म्हणतो, चूक माझीच. चार माणसांत बोलू नये ते बोललो."

मी उत्तर वाजवलं, ते जरा लांबलं. मग साहेबांनी हळू आवाजात शेवटचं कडवं धरलं आणि भाऊंनी न विचारताच मी सांगितलं, "म्हणतो, रोज टेबलावर दोन ग्लास मांडतो. एक माझा, एक तिचा. तिचा तसाच भरलेला राहतो."

"दोन ताटं," भाऊ पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. तुम्ही वाजवा."

मी वाजवलं. कांडी खालच्या सुरापासून वरपर्यंत ओढत नेली, आणि सहज शेजारी बघितलं तर भाऊंनी उपरण्याचं टोक डोळ्याला लावलं होतं. खाली त्यांच्या वहाणा स्टेजच्या फळीवर ठेका देत होत्या, अगदी बरोबर. माझा अर्धा सूर तिथंच निसटला.

गाणं थांबलं. भाऊंनी नाक पुसलं. "सायबाला म्हणावं, पुन्हा म्हणा."

साहेबांनी ते गाणं चार वेळा म्हटलं. नाचणारे कुरकुरायला लागले. एक गार्ड येऊन म्हणाला की आमची बायको इथंच आहे, एखादं आनंदाचं लावा. डोरीनबाईंनी पियानो बंद करून झाकण लावलं आणि आम्ही मागच्या व्हरांड्यात आलो. भाऊंनी लिंबाचं सरबत मागितलं, दोन घोटांत संपवलं, आणि बोलायला लागले.

त्यांच्या मंडळींचा गुडघा ठणठणीत होता.

झालं होतं असं. मार्गशीर्षात भाऊंच्या मळ्यात भरिताची पार्टी होती. आमच्या भागात हिवाळ्यात भरिताची पार्टी म्हणजे साधी गोष्ट नाही. बामणोदची पांढरट हिरवी वांगी, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली, त्यात मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. ज्या घरची पार्टी, त्या घरच्या बाईची लाज त्या भरितात असते. भाऊंच्या मंडळी द्वारकाबाई पहाटेपासून धुरात बसल्या होत्या. चाळीस पाव्हणे पंगतीला बसले. भाऊंनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बरं झालंय. पण आमच्या अक्काच्या हाताची चव काही येत नाही."

"असं म्हणालात?" मी म्हणालो. मला खरोखर घाम फुटला.

"तोंडातून गेलं."

अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. द्वारकाबाईंनी चाळीसही जणांना आग्रह करून वाढलं, हात धुतले, आणि दुपारच्या एसटीनं सावद्याला गेल्या. तेव्हापासून तिथंच.

"मग जाऊन चुकलो म्हणायचं ना, भाऊ."

"दोनदा गेलो. दोन्ही खेपेला मेव्हण्याशी केळीच्या भावावर बोलून परत आलो. तिच्यासमोर उभा राह्यलो की तोंडातून भावच निघतात. आमच्या बापानं कधी आमच्या मायला चुकलो म्हटलं नाही, मला कुठून येणार ते?" भाऊंनी रिकामा ग्लास कठड्यावर ठेवला. "मी आज यायचा नव्हतो. कुमुदच म्हणाली, गिटार विकायला लावायच्या आधी एकदा जवळ बसून ऐका, आणि अर्थ विचारा."

पिनॉकसाहेबांनी हे सगळं टोपी काढून ऐकलं. "डिग्बी, हे तर रेकॉर्डचं गाणं आहे," ते म्हणाले. "फक्त दारू काढून वांगं घातलंय."

भाऊंनी तिथल्या तिथं ठरवलं. सकाळी सावद्याला जायचं, आणि हे गाणं तिच्या दारात म्हणायचं. साहेब गातील, मी वाजवीन, अर्थ मी सांगीन. "ते पेटाडही घ्या," भाऊ दारातून आतल्या पियानोकडे बोट दाखवून म्हणाले, "ट्रॉलीत मावतं." डोरीनबाईंनी सांगितलं की पियानो ट्रॉलीत जाणार नाही आणि त्याही जाणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला भाऊंचा ट्रॅक्टर सावद्यात शिरला. मागच्या ट्रॉलीत केळीच्या पानांवर सतरंजी, सतरंजीवर मी, माझ्याजवळ लाउडस्पीकरवाल्याकडून आणलेला बॅटरीवरचा अँप्लिफायर आणि भोंगा. समोर स्टुलावर पिनॉकसाहेब, कोट, टाय आणि फेल्टची टोपी घालून. लोकांना वाटलं निवडणूक आहे. कोणीतरी विचारलं, निशाणी कोणती? साहेबांनी टोपी काढून नमस्कार केला. द्वारकाबाईंच्या भावाच्या घरापर्यंत पोचलो तोवर अर्धी गल्ली आमच्या मागं होती.

साहेबांनी गाणं सुरू केलं. भोंगा असा कर्कश होता की ओट्यावरची मांजर पळाली. पण मी सांगतो, हाँकीटाँकला भोंगा शोभतो. दुसऱ्या ओळीला दार उघडलं आणि द्वारकाबाई बाहेर आल्या. उंच, गोऱ्या, हातात ज्वारी पाखडायचं सूप, पदर खोचलेला. गुडघा व्यवस्थित वाकत होता. त्यांनी ट्रॅक्टर बघितला, स्टिअरिंगवरचे भाऊ बघितले, आणि त्यांना ओलांडून माझ्याकडे बघितलं.

"हा टोपीवाला कोण?"

"पिनॉकसाहेब. मेलचे ड्रायव्हर होते," मी म्हणालो.

"काय म्हणून राह्यला?"

मी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी स्टिअरिंगवरूनच हात हलवला, सांगा म्हणून. मग मी सगळ्या गल्लीच्या देखत सांगितलं. बायको निघून गेली. चूक त्याचीच. चार माणसांत बोलू नये ते बोलला. दोन ग्लास मांडतो.

द्वारकाबाई शांतपणे ऐकत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या. "त्याची बायको गेली, तो रडतो. आमच्या ह्यांचं काय?"

"यांचंही तेच आहे."

"मग ह्यांना तोंड नाही? रडायलासुद्धा ह्यांनी माणूस लावला का?"

आणि त्या वळल्या. सूप घेऊन दारात पाय ठेवला. ते दार बंद झालं की कुमुद गेली, विहीण दिसल्याशिवाय आई काही हलायची नाही, आणि भाऊ चिडून घरी गेले की त्यांची पहिली अट गिटारीचीच असणार. मला काही सुचेना म्हणून मी वाजवलं. कांडी अशी ओढली की तार तुटायचीच.

भाऊ ट्रॅक्टरवरून उतरले, ट्रॉलीत चढले आणि साहेबांच्या हातातला माइक घेतला.

"गा भाऊ," साहेब म्हणाले. "सूर गेला तर जाऊ द्या. तो आमच्याकडेपण जातो."

भाऊंनी आदल्या संध्याकाळी ते गाणं चार वेळा ऐकलं होतं. चाल बऱ्यापैकी बसली होती, निदान सुरुवात. डोळे मिटून त्यांनी सुरू केलं.

"मी भालोदच्या घरात बसलो..."

मी उत्तर वाजवलं. द्वारकाबाई दारात थांबल्या, पण पाठमोऱ्याच.

"रोज दोन ताटं वाढतो, एक झाकून ठेवतो..."

मी वाजवलं. गल्लीतल्या एका म्हातारीनं खरंच च्‌च् केलं.

"चाळीस माणसांत बोललो, माझ्या जिभेला हाड नाही..."

मी वाजवलं. आता साहेबांनी ट्रॉलीच्या पत्र्यावर ठेका धरला होता आणि पोरं नाचायला लागली होती. भाऊंच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि आवाज पार फाटला होता. मी रेकॉर्डवर इतके रडणारे ऐकले, पण असा कुणी ऐकला नाही.

"तुझं भरीत..." भाऊ म्हणाले आणि अडले. मी कांडी वर नेत राहिलो. सूर संपत आला तरी शब्द येईना. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "तुझं भरीत, द्वारके, तेच खरं भरीत..."

नाचणारी पोरं थांबली. आमच्यात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेतो तो लग्नात, उखाण्यात. द्वारकाबाई वळल्या.

"आन् अक्काचं?"

भाऊंनी माइक खाली केला. ह्या प्रश्नाला वजन होतं, कारण समोरच्याच घरात अक्काची नणंद राहत होती आणि ती खिडकीत उभी होती. भाऊंनी तिच्याकडे बघितलं. अक्कानं त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि तिला शब्द लागला तर ती वर्ष वर्ष बोलत नसे. मला वाटलं, आता केळीचे भाव निघणार.

"पाणचट," भाऊ म्हणाले. माइक खाली असूनही ते चांगलं ऐकू गेलं.

समोरची खिडकी लागली. मी ह्यावर काय वाजवावं ते मला कळेना, म्हणून काहीच वाजवलं नाही. द्वारकाबाईंनी सूप ओट्यावर ठेवलं, पुढं आल्या आणि मला विचारलं, "पंगतीत चाळीस माणसं होती. इथं किती जमलीत?"

मी नजर फिरवली. "सत्तर तरी असतील."

"मग झालं," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि आतून कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. ती बांधून तयारच होती. भाऊंनी ती पुढं होऊन हातात घेतली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. साहेब तर आधीपासूनच टायनं डोळे पुसत होते.

ट्रॉलीत चढताना द्वारकाबाईंनी माझ्या मांडीवरची गिटार निरखून बघितली. "हा कोण?"

"आपल्या कुमुदला बघायला आला होता तो. फिरके," भाऊ म्हणाले. "रेल्वेत आहे. मुलगा चांगला. ते वाजवणं सोडतो म्हणालाय. गिटारीला गिऱ्हाईकही बघितलंय त्यानं, की मग तारीख काढू."

द्वारकाबाई सतरंजीवर माझ्या समोर नीट मांडी घालून बसल्या.

"गिटार विकायची नाही," त्या मला म्हणाल्या. "ह्यांचा काय भरवसा आहे?"